सिल्कसाँग: अवघड आहे ते चालेल, पण नुसतं अंग लागलं तरी दोन मास्क?

'हॉलो नाइट: सिल्कसाँग' या व्हिडिओ गेमची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली आणि गेम हातात पडला ४ सप्टेंबर २०२५ ला. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. रात्री विश्रामबागेत घरी आलो की जेवण उरकून कंट्रोलर घेतो. पहिला गेम 'हॉलो नाइट' मी शेवटपर्यंत खेळलोय, त्यामुळं अवघडपणाबद्दल माझी तक्रारच नाही. बॉसनं, म्हणजे मोठ्या शत्रूनं, चार वेळा लोळवावं आणि पाचव्यांदा आपण त्याला लोळवावं, यासाठीच तर खेळायचं.

तक्रार आहे ती दोन मास्कची. आपण जिला खेळवतो त्या हॉर्नेटला सुरुवातीला पाच मास्क, म्हणजे जीव मोजायच्या पाच खुणा, मिळतात. पहिल्या गेममध्ये बरेचसे शत्रू एका फटक्यात एक मास्क घ्यायचे. इथं थोडं पुढं गेलं की एका फटक्याला दोन मास्क जायला लागतात. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. बरं व्हायला रेशमाचे नऊ धागे लागतात, त्यात तीन मास्क परत मिळतात. सुरुवातीची रीळच नऊ धाग्यांची, म्हणजे एकदा बरं झालं की हात रिकामे. आणि बरं होताना फटका बसला तर धागेही जातात. हा हिशेब कडक आहे, पण मला मान्य आहे. मान्य नाही ते हे, की बॉसनं वार केला नाही, नुसतं त्याचं अंग आपल्याला घासलं, तरी तेच दोन मास्क जावेत.

हे सगळ्यात जास्त खुपतं ते हंटर्स मार्च या भागातल्या सॅव्हेज बीस्टफ्लाय या बॉसशी लढताना. हा जाडजूड उडता किडा कधी आडवा धडकतो, कधी वरून आदळतो. डाव दोनच, तेही ओळखू येतात, त्यामुळं एकटा असता तर उत्तम बॉस ठरला असता. पण तो मध्येच छोट्या माश्या बोलावतो. तुम्ही माशीकडं वळलात की हा सरकत येऊन अंगावर बसतो. सुरुवातीला हॉर्नेटचा खालचा वार तिरका जातो, सरळ खाली नाही, त्यामुळं याच्या पाठीवर उडी घेताना अंतर जरा चुकलं की थेट त्याच्या अंगावर. कुस्तीत पैलवान पट काढायला येतो तेव्हा त्याचा खांदा आधी हलतो, बघणाऱ्याला ते दिसतं. इथं दिसण्यासारखं काहीच नाही, कारण त्यानं काही केलेलंच नसतं. शेजारी बसलेली भाची म्हणाली, "मामा, त्यानं तर मारलंच नाही की!" तिचं अगदी बरोबर होतं.

याच भागात बसायला एक बेंच आहे. बेंच म्हणजे दम घ्यायची जागा, हरलं की तिथूनच पुन्हा सुरुवात. थकून बसलात की सापळा अंगावर येतो. भाचीला ते फार आवडलं, मलाही. हा गेमचा खोडकरपणा आहे, पुढच्या वेळी आपण सावध असतो.

याउलट डीप डॉक्स भागातली लेस ही बॉस बघा. वेगवान आहे, पण प्रत्येक वाराआधी तिची ढब बदलते. हरलं तरी कशानं हरलो ते कळतं आणि लगेच परत उतरावंसं वाटतं. गेममधल्या पाचही घंटा वाजवून किल्ल्याच्या दारातून आत जायचं तर लास्ट जज या बॉसला हरवावं लागतं. त्याच्या हातातली जळती धूपदाणीसुद्धा आधी दिसते. तो कोसळल्यावर त्याचा स्फोट होतो, त्यावर लोक चिडले. मला तो आवडला. चीड आली ती बेंचपासून त्याच्यापर्यंत परत जाण्याची. दर हारीनंतर तोच वारा, त्याच उड्या, तेच टोकदार सोंडेचे किडे. यातून नवीन काही शिकायला मिळत नाही, नुसती रात्र जाते. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आत अडतीवर पोचायचं असणाऱ्या माणसाला हे परवडत नाही.

तसंच साधनांचं. फेकायच्या सुया वगैरे बेंचवर पुन्हा भरतात, पण त्याला शेल शार्ड हे गोळा करायचे तुकडे लागतात. एकाच बॉसवर अडकलात की शार्ड संपतात, मग ते गोळा करत हिंडा. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच हातातलं हत्यार काढून घेतलं जातं.

गेम बनवणारी टीम चेरी हा ॲडलेडचा अगदी छोटा चमू. त्यांनी पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस थोडे सौम्य केले. ते योग्यच केलं. बीस्टफ्लायचं अंग लागण्याचं नुकसान एका मास्कवर आणलं असतं तर तो बॉस तेवढाच अवघड राहिला असता आणि न्यायाचाही झाला असता.

गेम घ्याच. चित्रं, संगीत, हॉर्नेटची चपळाई, सगळं अव्वल आहे. फक्त हंटर्स मार्चकडं लवकर वळू नका, तो रस्ता वाटेत अनिवार्य नाही. बीस्टफ्लायला हरवल्यावर बीस्ट क्रेस्ट, म्हणजे लढायची एक नवी ढब, मिळते, पण आधी सुई धारदार करून घ्या, मगच तिकडं जा. आणि 'फार फील्ड्स' या भागात हाच किडा पुन्हा भेटतो, पायाखालची जमीन फुटते आणि खाली लाव्हा असतो. तिथं जायच्या आधी शार्डची थैली गच्च भरून ठेवा.