स्वतंत्र संघ, कृती समिती, महासंघ की वॉर्ड समिती? बेळगाव परिसरातल्या वसाहतींसाठी तुलना

कॉलनीचा रहिवासी संघ आहे, शेजारच्या चार-पाच वसाहतींचेही आहेत, आणि रस्ता, नाला किंवा जमिनीच्या आराखड्यासाठी एकत्र यावं असं सगळ्यांनाच वाटतंय. मग प्रश्न येतो तो स्वरूपाचा. आहेत तसे स्वतंत्र राहून एकमेकांना पाठिंबा द्यायचा, मुद्द्यापुरती कृती समिती करायची, नोंदणीकृत महासंघ काढायचा, की महापालिकेच्या वॉर्ड समितीतून काम करून घ्यायचं? चारही वाटा उपयोगाच्या आहेत, पण एकाच कामाला नाहीत. काम कोणत्या कार्यालयाच्या हातात आहे आणि त्याला कायद्याने किती दिवसांची मुदत आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. अध्यक्ष कोण आणि लेटरहेडवर कोणाची नावं, हे नंतरचं.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा

खानापूर रोडने कॅम्पातून निघा, तिसरं रेल्वे फाटक ओलांडून उद्यमबाग, पिरनवाडी करत मच्छेपर्यंत जा. एवढ्या अंतरात कॅन्टोन्मेंट, महापालिका, रेल्वे आणि नगर पंचायती अशा वेगवेगळ्या हद्दी लागतात. शिवाय काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही महामार्ग प्राधिकरणाचे. निवेदन चुकीच्या टेबलावर गेलं तर ते ‘आमच्या कक्षेत नाही’ असा शेरा मारून परत येतं, आणि त्यात महिने जातात.

कॉलनीतल्या अंतर्गत रस्त्यांसाठी तीन कागद शोधावेत: बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआउट मंजुरी आणि मंजूर नकाशा, रस्ते-उद्यान-नागरी सुविधांच्या जागा सोडून दिल्याचं रिलिंक्विशमेंट डीड, आणि लेआउट महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याचं पत्र. तिसरा कागद नसेल तर महापालिका निधी टाकायला तयार होत नाही. अशा वेळी गटार मागत नगरसेवकाकडे फेऱ्या मारण्यापेक्षा हस्तांतर मागणं हेच पहिलं काम. पहिला कागदच नसेल, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यांनी पाडलेले प्लॉट असतील, तर विषय खात्याचा (मालमत्तेच्या सरकारी नोंदीचा) आणि नियमितीकरणाचा होतो. तिथे इतर वसाहतींचा पाठिंबा फारसा कामी येत नाही.

स्वतंत्र संघ

कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सभासदांनी संघ नोंदवता येतो. उद्दिष्टपत्र, नियमावली, सभासदांच्या ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे लागतात. कागदपत्रं सहकार खात्यातल्या जिल्हा निबंधकांकडे जातात. नोंदणी तशी सोपी. अडतं ते पुढे. दरवर्षी सर्वसाधारण सभा, पदाधिकाऱ्यांची यादी आणि तपासलेले हिशेब दाखल करावे लागतात, आणि पाच-सहा वर्षं कोणी ते करत नाही. मग बँकेत सही बदलायला गेलं की अद्ययावत यादी मागतात. ती नसते, कारण जुने सचिव मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले असतात. महासंघाचा विचार करण्याआधी प्रत्येक संघाने ही थकबाकी भरून काढावी. ज्याची स्वतःची यादी निबंधकांकडे नाही, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला कोणीही आव्हान देऊ शकतं.

दिवाबत्ती, कचरा, उद्यानाची देखभाल, सुविधा जागेवरचं अतिक्रमण यांना स्वतंत्र संघ पुरतो, आणि वेगानेही चालतो. पाच कॉलन्यांतून वाहणारा नाला आला की तो अपुरा पडतो. बळ्ळारी नाल्याचंच घ्या. शहरातलं पाणी घेऊन तो शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो आणि पावसाळ्यात पीक बुडवतो. वरच्या कॉलनीने आपल्यापुरती भिंत बांधून घेतली की खालच्या शेतकऱ्याचं नुकसान वाढतं. अशा कामात एकट्याने यश मिळवणं म्हणजे त्रास शेजाऱ्याकडे ढकलणं, आणि ते मुळीच करू नये.

कृती समिती

नोंदणी नाही, वर्गणी नाही, एक मुद्दा आणि एक मुदत. आठवड्यात उभी राहते, काम झालं की संपते. बेळगावकरांना ही रीत नवीन नाही. तिची खरी ताकद माणसं आणि कामं वाटून घेण्यात आहे.

माहिती अधिकाराचं उदाहरण घ्या. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असते. फी १० रुपये. अर्ज ‘नागरिक’ या नात्याने करायचा असल्याने संघाच्या लेटरहेडवर केलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणून पाच संघांतल्या पाच जणांनी स्वतःच्या नावाने पाच अर्ज करावेत: एकाने अंदाजपत्रक, एकाने कार्यादेश, एकाने मोजमाप पुस्तकाच्या नोंदी, एकाने गुणवत्ता तपासणी अहवाल, एकाने ठेकेदारावरच्या दुरुस्तीच्या दायित्वाची मुदत मागावी. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. एकाच माणसाने सगळं एका अर्जात कोंबलं की नेमका तोच अर्ज परत येतो.

कृती समितीची उणीव म्हणजे तिला कायदेशीर अस्तित्व नसतं. बँक खातं कोणाच्या तरी वैयक्तिक नावावर उघडलं जातं आणि हिशेबावरून माणसं तुटतात. उपाय साधा आहे: पैसे एकाच नोंदणीकृत सदस्य-संघाच्या खात्यात, वेगळ्या पावतीपुस्तकावर जमा करावेत. दुसरं, प्रत्येक संघाने कार्यकारिणीचा लेखी ठराव करून प्रतिनिधीचं नाव, विषय आणि मुदत नमूद करावी. अधिकारी पहिल्याच भेटीत ‘तुम्ही कोणाच्या वतीने?’ असं विचारतात, तेव्हा ठरावाच्या प्रती जोडलेलं निवेदन बाजूला सारणं त्यांना अवघड जातं.

समितीत फक्त मराठी किंवा फक्त कन्नड माणसं असली की रस्त्याचा प्रश्नही इथे लगेच राजकीय ठरवला जातो. गल्लीत राहणारे सगळे, कन्नड आणि उर्दू बोलणारे शेजारीसुद्धा, पहिल्या बैठकीपासून हवेत. कार्यालयात जाणारा मजकूर कन्नडमध्ये द्यावा, त्याची मराठी प्रत सभासदांना वाटावी. सही करणाऱ्याला मजकूर समजलेला असणं हा त्याचा हक्क आहे.

नोंदणीकृत महासंघ

हा लांबच्या कामासाठी. मास्टर प्लॅन, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा शहराचा आराखडा, ज्याला लोक अजून सीडीपी म्हणतात, तो दहा वर्षांनी सुधारायचा असतो. पूर्वतयारी, हरकती, सुनावणी आणि नंतरचे भूवापर बदल धरले तर एवढ्या काळात कृती समित्या दोन-तीनदा विरून जातात. नकाशे, जुन्या हरकती, पोच-पावत्या आणि न्यायालयीन कागद एका जागी जपून ठेवणारी संस्था लागते, आणि ते काम महासंघच करू शकतो.

नियमावलीत तीन गोष्टी सुरुवातीलाच नीट लिहून घ्याव्यात. उद्दिष्टांत नगररचना, रस्ते, पाणी, खुल्या जागा यांबाबत हरकती घेणं आणि न्यायालयात दाद मागणं स्पष्ट असावं. ‘सांस्कृतिक व सामाजिक विकास’ एवढ्यावर भागत नाही. मताचं सूत्र ठरवावं: चाळीस घरांच्या कॉलनीला आणि चारशे घरांच्या कॉलनीला एकच मत दिलं तर मोठी कॉलनी बाहेर पडते, घरटी मत दिलं तर छोट्या नुसत्या प्रेक्षक उरतात. प्रत्येक संघाला एक मत आणि वर्गणी मात्र घरांच्या प्रमाणात, हा मेळ त्यातल्या त्यात टिकाऊ वाटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. शहरातल्या कॉलन्यांना बायपास आणि रिंग रोड हवे असतात, आणि ते ज्या जमिनीवरून जातात ती येळ्ळूर, शहापूर, वडगाव, हलगा, मच्छेकडची पिकाऊ शेतं असतात. हलगा-मच्छे बायपासचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात चालला, तो याच जमिनींवरून. एकाच महासंघात दोन्ही बाजू असतील तर बहुमताने शेतकऱ्याच्या जमिनीवर ठराव होऊ देणं आम्हाला मान्य नाही. नियमच असा हवा: ज्या वस्तीची जमीन जाते तिच्या लेखी संमतीशिवाय महासंघाने त्या मार्गाच्या बाजूने निवेदन द्यायचं नाही. हे कलम नको असेल तर शहर आणि गावं यांनी वेगळे महासंघ करावेत आणि नाला, पाणी अशा समान विषयांपुरतं एकत्र यावं.

वॉर्ड समिती

कर्नाटकच्या महापालिका कायद्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे. नगरसेवक अध्यक्ष, सोबत महापालिकेने नेमलेले दहा सदस्य. त्यांत किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. फायदा मोठा आहे. वॉर्डातल्या कामांचा प्राधान्यक्रम आणि निधीचा वापर यांवर तुम्ही आत बसून बोलता, आणि बोललेलं इतिवृत्तात येतं.

पण हीच एक वाट धरू नये. बेळगाव महापालिकेची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. सभागृहच नसतं तेव्हा समितीला आधार उरत नाही. शिवाय ५८ वॉर्डांच्या हद्दी नाल्याला किंवा मुख्य रस्त्याला कळत नाहीत. दोन वॉर्डांमधला सीमेवरचा रस्ता तर दोन्हीकडच्या याद्यांतून सुटतो. मोडलेलं गटार, पथदीप, फुटपाथ यांसाठी वॉर्ड समिती चांगली. भूसंपादनात तिचा उपयोग जवळपास नाही.

मुदतीपुढे कोण टिकतं

| प्रसंग | हरकतीची मुदत | हरकत कोणाची | सोयीची रचना |
|---|---|---|---|
| राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन (१९५६ चा कायदा) | २१ दिवस | जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती | कृती समिती, हरकत मात्र खातेदाराची |
| २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादन | प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस | जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती | कृती समिती, सोबत वकील |
| मास्टर प्लॅनचा मसुदा | ६० दिवस | कोणीही, संघसुद्धा | महासंघ |
| भूवापर बदल | जाहिरातीत दिलेली, बऱ्याचदा १५ दिवस | कोणीही | जवळचा स्वतंत्र संघ |

पहिल्या ओळीवर सर्वांत जास्त नुकसान होतं. संघाने हजार सह्यांचं निवेदन दिलं म्हणजे हरकत झाली, असा समज असतो. कायदा मात्र ‘त्या जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती’ म्हणतो. म्हणून प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र हरकत लागते: सर्व्हे आणि हिस्सा नंबर, एकर-गुंठ्यांत क्षेत्र, किती जातं आणि किती उरतं, उरलेल्या तुकड्याला वाट राहते का, विहीर-बोअर-झाडं-घर, सुचवलेला पर्यायी मार्ग, आणि ‘प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ ही मागणी. सोबत ताजा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल, आणि पुष्कळदा असतंच, तर मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडून सगळ्या वारसांच्या सह्या घ्याव्यात. वारसा नोंदीचा अर्जही त्याच आठवड्यात टाकावा. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेऊनच परतावं. टपालाने पाठवायचं तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने.

हे २१ दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात. गावात मराठीतून बातमी पोहोचेपर्यंत त्यातले आठ-दहा दिवस गेलेले असतात. कन्नड आणि इंग्रजी वाचणारा एक तरुण राजपत्र आणि कन्नड दैनिकांतल्या जाहिराती पाहण्यासाठी नेमावा. रचना कोणतीही निवडा, हे काम ठरलेल्या माणसाकडे असायलाच हवं.

मास्टर प्लॅनच्या नकाशाबद्दल एक सावधगिरी. त्यावर रस्त्याची रेघ असली म्हणजे जमीन संपादित झाली असं नाही. शहापुरातल्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतचा रस्ता स्मार्ट सिटी योजनेत झाला, पण रीतसर संपादन न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेलं आणि २०२४ मध्ये महापालिकेवर मोठ्या भरपाईचा बोजा आला. रस्ता मागणाऱ्या संघाने म्हणूनच काम सुरू होण्याआधी संपादनाची अधिसूचना, निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) आणि ताबा पावती पाहायला मागावी. जमीन देणाऱ्याचाही त्यात बचाव आहे, आणि रस्ता नंतर उखडला जाण्याची भीती राहत नाही.

आमची शिफारस

सुरुवात महासंघाने करू नये. आधी प्रत्येक संघाची नोंदणी आणि हिशेब ताजे करा, मग एका ठोस कामासाठी, शक्यतो नाल्यासाठी, ठराव जोडलेली कृती समिती चालवा. वर्षभर माणसं टिकली आणि हिशेबावरून भांडण झालं नाही, तर तीच मंडळी महासंघ नोंदवतील. वॉर्ड समितीत जागा निघाली की अर्ज करावाच, पण त्यासाठी बाकीचं काम थांबवू नये. एखादी महामार्ग अधिसूचना आधीच निघाली असेल तर मात्र रचनेची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी उतारे काढायला लागा.

निपाणी, खानापूर किंवा तालुक्यातल्या गावांसाठी चित्र थोडं वेगळं आहे. घटनेतली वॉर्ड समितीची सक्ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरांपुरती आहे. गावाला ग्रामसभा आणि वॉर्डसभा आहेत, आणि पंचायत राज कायद्याप्रमाणे त्या सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हव्यात. लेआउट, रस्त्याची रुंदी, गायरानाचा वापर हे विषय तिथेच मांडा. सही इतिवृत्त वाचून झाल्यावरच करा. कोऱ्या वहीवर आधी सह्या घेऊन मजकूर नंतर लिहिला जातो, तिथे सभा घेऊनही हाती काही लागत नाही. ठरावाची साक्षांकित प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या आणि ती तहसीलदार, बुडा किंवा संपादन अधिकारी, ज्याचा विषय असेल त्याच्याकडे आवक शिक्क्यासह पोहोचवा.