हिरवी टिक बघितली आणि ४८० डॉलर घालवले

लाज वाटते, तरी लिहितोय. पैसे माझे असते तर मुकाट गिळून गप्प बसलो असतो. ते २३ जणांनी देणगी म्हणून दिले होते.

माझी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट वापरायचा कोड. पुन्हा पुन्हा येणारी कामं ठरल्या वेळी लावून देते, बस एवढंच. जिथे वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करतात, तिथे ती हमखास घोळ घालायची: युरोप-अमेरिकेत मार्चमध्ये रात्रीचा एक तास गायबच होतो, शरदात एक तास दोनदा येतो. हा इश्यू (नोंदवलेली तक्रार) चार वर्षं पडून होता. मला वेळ नव्हता. फंडात ६४० डॉलर होते, म्हणून म्हटलं बाउंटी लावू: जो दुरुस्त करेल त्याला बक्षीस.

एक जण आला तो अगदी साळसूद. आधी तीन किरकोळ बग सोडवले, प्रत्येकी २० डॉलर. काम चोख. बाउंटी जिथे लावली त्या प्लॅटफॉर्मच्या कमिशनचे ६ डॉलर वेगळे गेले, आणि मी तिन्ही वेळा पाच तारे दिले. असं करूनच विश्वास कमावतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा दोन वर्षं इमानेइतबारे पॅच (दुरुस्त्या) पाठवणाऱ्याने चोरदरवाजा कसा बसवला आणि तो टेस्टच्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या, फायलींत कसा लपवला, हे दहा जणांना मीच रंगवून सांगत होतो. ‘टेस्टच्या फायली कोणी वाचत नाही’ हे वाक्य माझंच.

मग मोठी बाउंटी, ४८० डॉलर. म्हणाला, प्लॅटफॉर्म दहा टक्के घेतो, तुमचे ४८ डॉलर उगाच जातील, सरळ यूएसडीटीमध्ये (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन) पाठवा. मला वाटलं, देणगीदारांचेच पैसे वाचतायत. लोभ म्हणा हवं तर, पण स्वतःच्या खिशासाठी नव्हता. (प्लॅटफॉर्मबाहेर एक सेंटही देऊ नका. कितीही वाचत असले तरी.)

पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हे बदल कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, आली १,९०० ओळींची. निम्म्याहून जास्त नुसतं फॉरमॅटिंग, म्हणजे ओळींची मांडणी. फॉरमॅटिंग आणि दुरुस्ती एकत्र आली तर न वाचता परत पाठवा. मी ती रात्री एक वाजता, झोप अनावर झालेली असताना स्क्रोल करत बसलो. आणि तिथे ती ओळ होती. लॉर्ड हाउ बेटाची टेस्ट ‘स्किप’ केलेली. शेजारी कमेंट: ‘कधी पास होते, कधी नाही, तूर्त बंद.’

ऑस्ट्रेलियाच्या या लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ तासाने नाही, अर्ध्या तासाने सरकतं. ती टेस्ट मी मुद्दाम लिहिली होती, कारण साठ मिनिटं डोळे झाकून मिळवणारा तिथेच पकडला जातो. मीच लावलेलं कुलूप त्याने काढून ठेवलं होतं, वर चिठ्ठीही लिहिली होती, आणि मी ती वाचली. वाचली! मनात म्हटलंसुद्धा, ‘नंतर बघू.’ खाली बाकीच्या टेस्ट पास झाल्याची हिरवी टिक होती. बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केले आणि दहा मिनिटांत ४८० डॉलर पाठवून मोकळा झालो.

२६ ऑक्टोबर २०२५ ला युरोपात घड्याळं मागे गेली. दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली: रात्री अडीचचं बॅकअप दोनदा चाललं. मग कोड उघडला. दुरुस्ती म्हणजे काय, तर एका फायलीत चार तारखा: १० मार्च, ३१ मार्च, २७ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर, सगळ्या २०२४ च्या. माझ्या टेस्टमध्ये होत्या नेमक्या त्याच. उरलेल्या आयुष्यासाठी काही नाही. बचावात एवढंच म्हणेन की टाइमझोनच्या कोडमध्ये तारखांचे तक्ते असतातच, त्यामुळे फाईल बघून खटकलं नाही. पण टेस्टमध्ये नसलेली एक, फक्त एक तारीख हाताने टाकून बघितली असती तर तिथेच उघडं पडलं असतं. तेवढं तुम्ही करा.

आता पुढचा तमाशा. प्लॅटफॉर्मचं उत्तर ११ दिवसांनी आलं: व्यवहार आमच्याबाहेर झाला, आम्ही जबाबदार नाही. ठीक, तिथे चूक माझी. पण त्याचं खातं तरी बंद करा? तर म्हणे त्याचं रेटिंग उत्तम आहे. ते रेटिंग माझंच होतं! वर आठवण करून दिली की तुम्ही कोड ज्या एमआयटी परवान्याखाली देता त्यातच लिहिलंय, सॉफ्टवेअर ‘जसं आहे तसं’, कसलीही हमी नाही. माझाच परवाना माझ्याच तोंडावर मारला. कोड जिथे ठेवतो त्या साइटच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये स्पॅम आहे, शिवीगाळ आहे, पण ‘काम न करता पैसे घेतले’ असा पर्यायच नाही. शेवटी ‘इतर’ निवडलं. त्यावर आजतागायत काही नाही.

सायबर गुन्ह्यांच्या कक्षात तास-दीड तास बसवून ठेवलं. साहेबांनी विचारलं, “कोड मिळाला ना तुम्हाला?” मिळाला. “मग फसवणूक कुठे झाली?” मी टेस्ट म्हणजे काय हे समजावायला लागलो, तर ते म्हणाले, “इन्व्हॉइस आणा.” बाउंटीचं इन्व्हॉइस कुठून आणू? क्रिप्टो एक्स्चेंज म्हणतं पोलिसांचं पत्र आणा, पोलिस म्हणतात एक्स्चेंजकडून नाव आणा. तीन आठवडे मी या दोघांचा पोस्टमन होतो. ४८० डॉलरसाठी कोण हलणार, हे कोणी तोंडावर म्हटलं नाही, एवढाच काय तो उपकार.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आपल्या पुस्तकांतल्या चुका दाखवणाऱ्यांना २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. फसवणुकीच्या भीतीने त्यांनाही २००८ मध्ये खरे चेक बंद करावे लागले. हे वाचून मला थोडं बरं वाटलं, पण फंडात त्याने भर पडली नाही. तिथे ९४ डॉलर उरले होते. ४८० मी स्वतःच्या खिशातून भरतोय. १५० भरले, ३३० बाकी आहेत. पुन्हा बाउंटी लावलीच तर पैसे रिलीजनंतर महिन्याने देणार, आणि टेस्टच्या फाईलला हात लावलेली पुल रिक्वेस्ट मी सकाळी वाचणार, चहा घेऊन, रात्री एकला नाही.

लॉर्ड हाउची टेस्ट परत चालू केली आहे. लाल आहे, म्हणजे नापास. इश्यूही पुन्हा उघडलाय आणि काल एकाने त्यावर विचारलं, बाउंटी अजून आहे का. त्याचं खातं तीन आठवड्यांपूर्वीच उघडलेलं.