स्पोर्ट्स कारला आधी इन्टेक की आधी कूलिंग?

बजेट एकच आहे आणि गाडीला एकच काहीतरी करायचंय म्हटलं की बहुतेकांचा हात आधी इन्टेककडे (इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि पाइप) जातो, कारण स्वस्त पडतो, तासाभरात बसतो आणि पाय दाबला की लगेच आवाज येतो. कूलिंगवर खर्च केला तर ऐकू काहीच येत नाही, बॉनेट उघडून मित्रांना दाखवायलाही फार काही नसतं. तरी माझं मत सरळ आहे, गाडी ट्रॅकवर जाणार असेल तर आधी कूलिंग, आणि रोडवरच राहणार असेल नि इंजिन स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलं तसंच असेल तर खरं सांगायचं तर दोन्हीची गरज नाही, आवाज आवडतो म्हणून इन्टेक घ्या पण मग बीएचपीच्या, म्हणजे वाढलेल्या पॉवरच्या गप्पा नकोत.

इन्टेकमध्ये तीन पर्याय येतात. पहिला म्हणजे स्टॉक एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) तसाच ठेवून आत नुसता चांगला पॅनेल फिल्टर टाकायचा. दुसरा शॉर्ट रॅम, म्हणजे एअरबॉक्स काढून टाकायचा आणि बॉनेटखालीच उघडा कोन फिल्टर. तिसरा कोल्ड एअर, यात पाइप लांब नेऊन फिल्टर बंपरच्या मागे किंवा फेंडरमध्ये बसवतात. शॉर्ट रॅम दिसायला आणि ऐकायला भारी पण तो इंजिन बेमधली, म्हणजे बॉनेटखालच्या जागेतली गरम हवा ओढतो, आणि हवेचं तापमान साधारण ३ डिग्री सेल्सिअस वाढलं की घनता १ टक्क्याच्या आसपास कमी होते. म्हणजे हवा बाहेरच्यापेक्षा ३० डिग्रीने गरम आत गेली तर जवळपास १० टक्के ऑक्सिजन गेला, वरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गरम हवा बघून टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ मागे घेतो आणि पॉवर कमी होते ते वेगळंच. गाडी पळायला लागली की बेमध्ये हवा फिरते आणि हा फरक बराच कमी होतो हे मान्य, पण सिग्नलवर थांबून निघताना किंवा स्लो कॉर्नरमधून बाहेर पडताना तो जाणवतो.

कोल्ड एअरचं लॉजिक बरोबर आहे, फक्त बऱ्याच आधुनिक गाड्यांमध्ये स्टॉक एअरबॉक्सचं तोंड आधीच ग्रिलजवळ असतं, कंपनीने थंड हवा आधीच दिलेली असते, तुम्ही तीच परत विकत घेताय. शिवाय फिल्टर खाली असल्यामुळे साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि त्याने पाणी ओढलं तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते बिल इन्टेकच्या किमतीत बसत नाही. आणि ते "रॅम एअर" प्रकरण, म्हणजे वेगाने हवा आपोआप ठासून भरली जाते म्हणतात ते, त्याचं गणित करून बघा, १०० किमी वेगाला मिळणारा जास्तीत जास्त दाब वातावरणाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो, २०० ला २ टक्क्यांच्या आत.

इन्टेक घ्यायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट होते. गाडीत मॅप सेन्सर (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असेल तर ओबीडी रीडरवर (गाडीच्या सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) इंजिन बंद, चावी ऑन असताना आकडा बघा, तो झाला वातावरणाचा दाब. मग मोकळ्या आणि सुरक्षित ठिकाणी, शक्यतो ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजायचं मशीन), वरच्या आरपीएमला फुल थ्रॉटल देऊन तोच आकडा लॉग करा. नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनमध्ये फरक २ किलोपास्कल आला तर फिल्टर, पाइप, थ्रॉटल बॉडी सगळं मिळून २ टक्क्यांचाच अडथळा आहे, जगातला कुठलाही इन्टेक त्याच्यापेक्षा फार जास्त देऊ शकत नाही (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे रनरच्या लांबीचा ट्यूनिंग इफेक्ट असतो, पण तो मॅनिफोल्डचा विषय आहे, फिल्टरचा नाही). मास एअरफ्लो सेन्सरवाली (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) गाडी असेल तर पाइपचा व्यास बदलला की सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकतं, मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) किंवा रिच (पेट्रोल जास्त) जातं आणि मग ट्यूनचा, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलायचा खर्च आला. तेल लावायचा कॉटन फिल्टर घेतलात तर तेल कमीच लावा, जास्त झालं की सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं.

आता कूलिंग. इथे पार्ट घेण्याआधी गाडी नक्की कधी तापते हे बघायचं, कारण ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि पळताना ठीक असेल तर प्रॉब्लेम फॅनचा किंवा त्याच्या श्राउडचा (फॅनभोवतीचं आवरण) असतो, उलट वेगात तापत असेल तर हवेची वाट किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडते. हे न बघता लोक थेट जाड ॲल्युमिनियम रेडिएटर घेतात. जाड कोअरमधून (रेडिएटरची जाळी) हवा ढकलायला जास्त जोर लागतो, आणि रेडिएटरच्या बाजूला, वर, खाली फटी असतील तर हवा आतून जायचे कष्ट घेतच नाही, फटीतून निघून जाते. शीट आणि फोमने त्या फटी बंद करणं हा माझ्या मते या सगळ्या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. हवा आत आली तशी बाहेरही जायला हवी. बॉनेट मागून वॉशर लावून उचलायची फॅशन आहे ती मात्र वेगात उलटी पडू शकते, कारण काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि हवा बाहेर जायच्या ऐवजी आत घुसते. व्हेंट हवेत ते बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागे. २०१५ ची कॉर्व्हेट झेड०६ सुपरचार्ज्ड ६.२ लिटर इंजिनमुळे ट्रॅकवर तापायची, तेव्हा कंपनीने २०१७ च्या मॉडेलला बॉनेटवर मोठे व्हेंट दिले, यावरून काय ते समजा.

लो टेंपरेचर थर्मोस्टॅटने गाडी थंड राहते हा गैरसमज फार पसरलाय. थर्मोस्टॅट हा कूलंटची रेडिएटरकडे जायची वाट उघडणारा झडप आहे, तो फक्त कधी उघडायचं ते ठरवतो, एकदा पूर्ण उघडला की पुढे सगळं रेडिएटरवर. चार मिनिटं उशिरा तापेल, पण तापेल. प्रेशर कॅप, म्हणजे कूलंटचा दाब धरून ठेवणारं झाकण, मात्र कामाची वस्तू आहे, दाब दर १ पीएसआयने वाढला की उकळबिंदू साधारण दीड डिग्रीने वर जातो, त्यामुळे जुनी मऊ पडलेली कॅप बदलणं हाही उपाय झाला.

पण ट्रॅकवर खरी हालत होते ती ऑइलची, आणि बऱ्याच गाड्यांच्या डॅशवर त्याचा काटाच नसतो. कूलंट ९५ डिग्रीवर शांत दिसतं आणि तिकडे ऑइल १३५ डिग्री पार करतं. निसान ३७०झेडच्या सुरुवातीच्या, ऑइल कूलर नसलेल्या गाड्या ट्रॅकवर ऑइल तापलं की आरपीएम कापायच्या हे जगजाहीर आहे. म्हणून ट्रॅकवाल्यांना मी आधी ऑइल टेंपरेचर गेज आणि मग ऑइल कूलर सांगतो, रेडिएटर त्याच्या नंतर. कूलर घेताना थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेटच (ऑइल फिल्टरखाली बसून ऑइल कूलरकडे वळवणारी प्लेट) घ्या, नाहीतर रोडवर ऑइल कायम थंड राहतं, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडत नाही आणि इंजिन झिजतं.

काही गाड्यांना त्यांचं खास दुखणं असतं. माझ्दाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चं इंजिन मुळात आडव्या बसवणीच्या फ्रंट व्हील गाडीतून आलेलं, उभं फिरवताना कूलंटची बाहेर पडायची वाट पुढे आणली, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. टर्बो लावून ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी कूलंट रीरूट, म्हणजे ती वाट परत मागे नेणं, त्यात पैसे वसूल आहे, स्टॉक गाडी रविवारी फिरवणाऱ्याला नाही.

टर्बोवाल्यांचा हिशोब वेगळा. दाबलेली हवा टर्बोतून १०० डिग्रीच्या वर निघू शकते, मग फिल्टरपाशी वाचवलेल्या ५ डिग्रींचं कौतुक कितीसं राहतं, तिथे मोठा इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा) म्हणजे पॉवर आणि कूलिंग दोन्ही एकदम. फक्त तो रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यातून गरम झालेली हवा मागे रेडिएटरला मिळते, आणि त्याच्याच पुढे ऑइल कूलरही लटकवला तर वेगात कूलंट चढणारच. जागा असेल तर ऑइल कूलर फेंडरच्या कोपऱ्यात स्वतंत्र डक्ट देऊन बसवा, आणि इंटरकूलर टाकल्यावर पहिल्या ट्रॅक डेला कूलंटचा आकडा लॉग करूनच मोठ्या रेडिएटरचं ठरवा.