१८,५०० ची तपासणी आणि ८०० ची फी : आम्हाला आलेला दोन्हीकडचा अनुभव

धाकटा गे आहे, म्हणजे त्याला मुलगे आवडतात, हे कळल्यावर आम्ही आधी एका तपासणी सेंटरच्या नादी लागलो आणि मग एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडं गेलो. त्या दोन्ही ठिकाणांची नावं लिहीत नाही, आधीच सांगते. भांडणाला मी भीत नाही, पण कोल्हापूर काय एवढं मोठं नाही, गंगावेशीत बोललेलं दुपारपर्यंत राजारामपुरीत पोचतंय, आणि कुणाला काय सांगायचं ते माझ्या पोरानं ठरवायचं. हे लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, तो हो म्हणाला, म्हणून टाकतेय. कुणाच्या तरी घरात आत्ता हेच चाललं असेल आणि त्यांचे तरी पैसे वाचावेत.

आमचा मिरची कांडपाचा डंक आहे. तीन मुलं, तिन्ही पोरगेच. धाकटा २५ चा, पुण्यात नोकरीला. गौरी जेवल्या त्या रात्री भांडी आवरताना मला म्हणाला, आई, मला मुली बघू नका, मला मुलगे आवडतात, लहानपणापासून असंच आहे. मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी. त्याला काय बोलले ते आठवत नाही, पण चांगलं काही बोलले नसणार.

त्यानंतर दोन महिने डोक्यात एकच, का? माझ्याच पोटी का? गरोदरपणात मी काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, तिसराही मुलगाच झाला म्हणून मी रडले होते ते त्याला लागलं का, त्याला फार अंगावर घेऊन वाढवलं का, ह्यांनी कधी जवळ घेतलं नाही म्हणून का. रात्री तीनला उठून बसायची. अशा वेळी माणसाला कुणीही काहीही विकू शकतं, हे आता कळतंय.

तर नात्यातल्या एकानं सांगितलं की एक सेंटर आहे, तिथं हार्मोन, जीन सगळं तपासून कारण काढून देतात आणि मग ट्रीटमेंट करतात. पॅकेज १८,५००. घरी येऊन रक्त घेतात, थुंकीची नळी भरून घेतात. माणूस नीट बोलणारा, "वहिनी, शंभर टक्के सायंटिफिक आहे" असं तीनतीनदा सांगितलं. पोरगं पुण्याहून सुट्टी काढून आलं आणि एक शब्द न बोलता हात पुढं केला. ते मला आज आठवलं तरी पोटात कालवतंय.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. २२ पानं, गुळगुळीत कागद, सगळं इंग्लिशमधी. पहिल्या भागात टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन आणि बाकीचे हार्मोन, सगळे नॉर्मल. दुसऱ्या भागात जीनचा रिपोर्ट, त्यात हिरव्यापासून लालपर्यंत एक पट्टी आणि त्यावर एक बाण. त्या बाणाचा अर्थ काय विचारलं तर म्हणाले, प्रवृत्ती आहे पण सुधारता येईल, सहा महिने इंजेक्शनचा कोर्स आणि सोबत सेशन, त्याचे पैसे वेगळे. मी विचारलं, हार्मोन नॉर्मल आहेत म्हणताय तर इंजेक्शन कशाचं? त्यावर नीट उत्तर मिळालं नाही. तिथंच मला पहिल्यांदा शंका आली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी दोन पानं बघून फाइल मिटली आणि राजारामपुरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमचा नंबर दिला. म्हणाले, मुलाला नको, तुम्ही दोघं जावा. आमचे हे आधी तयारच नव्हते, वेड लागलंय का आम्हाला म्हणून. शेवटी आले.

आता मॅडमच्या दवाखान्याबद्दल. पहिली फी ८००, नंतर ५००. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात ठेवा. दिलेल्या वेळेपेक्षा ४० मिनिटं बसावं लागलं आणि काउंटरवरची मुलगी आडनावासकट मोठ्यानं हाक मारते, अशा ठिकाणी तरी तसं करू नये, मी मॅडमना तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी नुसता नंबर पुकारला. फोन मात्र अजून पहिल्या रिंगला कुणी उचलत नाही. हे सोडलं तर माझी काही तक्रार नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगते.

मॅडमनी २२ च्या २२ पानं वाचली. आमच्यासमोर. मग मला विचारलं, "काकू, तुम्ही कारण विचारायला आलाय का दोष कुणाचा ते विचारायला आलाय?" मला रडूच फुटलं. त्यांनी पाणी दिलं, थांबल्या, मग म्हणाल्या, दोषाचं उत्तर आधी देते, कुणाचाच नाही, कारण हा आजारच नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली आजारांच्या यादीतनं हे काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मधी काढलं, आणि आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ साली हा आजार नाही असं जाहीर केलंय, त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातनं, म्हणजे गुन्ह्यातनं, हे वगळलं. ह्यांनी विचारलं, आजार नाही तर मग शास्त्रज्ञ कारण कशाला शोधतात? मला वाटलं मॅडम चिडतील, पण त्या म्हणाल्या चांगला प्रश्न आहे, डावखुरेपणा पण आजार नाही, तरी तो कशानं येतो ते शोधतातच की.

मग एकेक सांगितलं आणि प्रत्येकाची कच्ची बाजू पण सांगितली, हे मला फार आवडलं. १९९१ साली सायमन लेव्हे नावाच्या शास्त्रज्ञानं ४१ मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर हायपोथॅलॅमस म्हणून मेंदूत खालच्या बाजूला जे असतं त्यातला एक अगदी बारीक भाग गे पुरुषांमधी लहान दिसला. पण त्यातले गे पुरुष सगळे एड्सनं गेलेले, त्यामुळं नुसत्या त्यावर छातीठोक काही म्हणता येत नाही. १९९३ मधी डीन हेमर ह्यांनी गे भावांच्या ४० जोड्या घेतल्या, ३३ जोड्यांत एक्स क्रोमोसोमच्या, म्हणजे जीन ज्याच्यावर असतात त्या एका धाग्याच्या, एका टोकाचा तुकडा सारखा निघाला, आणि एक्स मुलाला आईकडनंच येतो. तेव्हा पेपरात लगेच "गे जीन सापडला" असं छापून आलं. पण नंतरच्या अभ्यासांत कधी ते जुळलं, कधी नाही. आईकडनं येतो म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मॅडमनी ते बघितलं. लगेच म्हणाल्या, काका, तो सापडलेला जीन नाही, आणि सापडला असता तरी काकूंनी तो निवडून दिला नव्हता.

जुळ्यांचं मला सगळ्यात नीट कळलं. १९९१ मधी बेली आणि पिलार्ड ह्यांनी गे पुरुषांच्या भावांचा अभ्यास केला, एकसारख्या जुळ्यांत दुसरा भाऊही गे असण्याचं प्रमाण ५२ टक्के, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत २२, दत्तक भावांत ११. पुढं स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा त्याहून कमी दिसला. म्हणजे रक्तातलं काहीतरी आहे, पण सगळंच रक्तातलं असतं तर एकसारख्या जुळ्यांत शंभर टक्के आलं असतं. ते काही आलेलं नाही.

आणि मग आमच्या त्या लाल-हिरव्या पट्टीवर आल्या. २०१९ मधी ह्या विषयावरचा सगळ्यात मोठा जीनचा अभ्यास छापून आला, ४ लाख ७७ हजारावर माणसं. एक जीन असा सापडला नाहीच. डीएनएवर पाच जागा मिळाल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. सगळे जीन धरून माणसामाणसातल्या फरकाचा ८ ते २५ टक्के भाग समजतो, आणि ह्यावरनं एका माणसाबद्दल काहीही सांगता येत नाही हे त्या शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवलंय. शिवाय ती माणसं बहुतेक युरोपियन वंशाची. म्हणजे कागलच्या आजोबांचा आणि कोल्हापूरच्या आईचा मुलगा त्या पट्टीवर कुठं बसतो ते कुठलीच लॅब सांगू शकत नाही! त्याच वर्षी कुणीतरी त्या आकड्यांवरनं "तुम्ही किती गे" सांगणारं ऑनलाइन अ‍ॅप काढलं, तेव्हा शास्त्रज्ञांनीच आवाज उठवला आणि ते काढून टाकावं लागलं. आमचा बाण त्याच जातीचा.

मी डंकावर बसणारी बाई, मला ते माझ्या पद्धतीनं कळलं. कांदा लसूण चटणीत मिरची, खोबरं, तीळ, धणे, लसूण, काय काय पडतंय, शिवाय मिरची किती वाळलीय, किती भाजलीय. तयार चटणीतला एक कण काढून "चव ह्याच्यामुळं आली" असं कोण सांगितलं तर मी त्याला डंकावर उभा करणार नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे मी आता दुसऱ्यांना सांगणार.

हार्मोनचं तर सरळच होतं. मोठ्या झालेल्या गे आणि इतर पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमधी ठाम असा फरक निघालेला नाही, म्हणून आमचा रिपोर्ट नॉर्मलच येणार होता, त्यासाठी रक्त काढायची गरजच नव्हती. हार्मोन देऊन बदलायचे प्रयोग फार पूर्वी झालेत, कुणाला कोण आवडतं ते त्यानं बदललं नाही, माणसांचे हाल तेवढे झाले. जन्माआधी पोटात असतानाच्या हार्मोनचा काही संबंध असावा असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, पण ते आता इंजेक्शननं मागं जाऊन बदलता येत नाही.

आता जे मला सगळ्यात लागलं ते. मी मोबाइलवर वाचलेलं की थोरले भाऊ जितके जास्त तितकी शक्यता वाढते, आणि माझा तर तिसरा. दोन महिने हे मी कुणाला बोलले नव्हते, तिथं बोलले. मॅडम म्हणाल्या हो, असा अभ्यास आहे, १९९६ मधी ब्लँचर्ड आणि बोगार्ट ह्यांनी मांडला, प्रत्येक थोरल्या भावामागं शक्यता साधारण ३३ टक्क्यांनी वाढते. पुढं २००६ मधी असं दिसलं की एकाच आईच्या पोटचे भाऊ वेगळे वाढले तरी हे लागू होतं आणि सावत्र भावांसोबत वाढलं तर होत नाही, म्हणजे वाढवण्याशी ह्याचा संबंध नाही. आईच्या शरीरात मुलाच्या गर्भातल्या एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार होत असाव्यात अशी कल्पना आहे, २०१७ च्या शेवटी थोड्या आयांच्या रक्तात तसं काही दिसलंयही. मी म्हटलं, म्हणजे माझंच शरीर. तर मॅडमनी कागद घेतला आणि गणित करून दाखवलं. शंभरात दोन पुरुष गे असतात असं धरलं, तर दोन थोरले भाऊ असणाऱ्या शंभरात ते साडेतीनच्या आसपास जातं. म्हणजे राहिलेल्या ९६ घरात तिसरा मुलगा असूनही असं काही नाही, आणि कितीतरी गे मुलं घरात थोरलीच आहेत. वर ह्या आकड्यांच्या गणितावर अलीकडं संख्याशास्त्रवाल्यांनी शंकाही घेतल्यात. तो कागद मी अजून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय. आईनं लाड केल्यानं किंवा बापानं जवळ न घेतल्यानं मुलगा गे होतो ह्याला पुरावा नाही, हेही त्यांनी सांगितलं, तेव्हा ह्यांनी डोळे पुसले. एकतीस वर्षं झाली लग्नाला, दुसऱ्यांदा बघितलं मी ते.

दुसऱ्या वेळी सासूबाई आल्या, हट्टानं. ८१ वर्षं, माहेरी मेंढरं होती त्यांच्या. मॅडम अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या शास्त्रज्ञांनी तपासलेल्या मेंढ्यांबद्दल सांगत होत्या, त्यात शंभरातले आठेक मेंढे माद्या समोर असताना नरांकडंच जातात, आणि २००४ मधी त्यांच्या मेंदूतला एक भाग बाकीच्या नरांपेक्षा लहान निघाला. मेंढ्यावरनं माणसाचं सगळं ठरवू नका असंही म्हणाल्या. पण सासूबाई मधीच, "व्हय, असतोय की असा एखादा कळपात. आबा म्हणायचे ऱ्हाऊ दे त्याला, लोकर तर देतोय." आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच बसलो. ज्यांना सांगायला आम्ही चार महिने घाबरलो, त्यांना हे लहानपणापासून माहीत.

म्हणून माझं मत. त्या पॅकेजला एक स्टार पण द्यायची इच्छा नाही, आणि नुसत्या पैशाचा प्रश्न नाही हा, माझ्या पोराला वाटलं की आई मला दुरुस्त करायला बघतेय. मॅडमना पाचातले साडेचार, अर्धा त्या जिन्याचा आणि फोनचा कापला. मॅडम सगळं मराठीतनं सांगतात, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतात, आणि "मुलाला बरं करू" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट मुलाला आणायची घाई करू नका, त्याला हवं तर येईल म्हणाल्या. फी परवडत नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं.

त्या सेंटरकडं पैसे परत मागितले, नाही म्हणाले. मॅडमनीच सांगितलं की २०२२ पासून नॅशनल मेडिकल कमिशननं असं बदलायची ट्रीटमेंट देणं म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं ठरवलंय, आणि रिपोर्टवर ज्या डॉक्टरची सही आहे त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं करता येते. अर्ज थोरल्यानं टाइप केलाय, २२ पानांची झेरॉक्स काढलीय, पावती जोडलीय. पोरानं फोनवर दोन ओळी वाढवायला सांगितल्या, त्याला त्या दिवशी कसं वाटलं त्याच्या. त्या घालून सोमवारी रजिस्टर पोस्टानं जाईल.