बॉबीन भरायचं सुटं मशीन: घ्यावं का?

लग्नसराईत माझ्याकडे येवल्याच्या पैठण्यांवरचे ब्लाऊज येतात, आणि फॉल-पिको तर बारा महिने असतंच. त्यामुळे दोऱ्याचा रंग सारखा बदलत असतो. मोरपंखी संपला की राणी, राणी संपला की डाळिंबी. शिवायला कितीही वेळ लागू दे, त्याचं काही वाटत नाही. पण दर रंगाला काळ्या शिलाई मशीनचं चाक सैल करा, बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, भरा, चाक परत आवळा, याचा जीव जातो. त्यात भरणीचं, म्हणजे बॉबीन फिरवणाऱ्या भागाचं, रबर झिजलेलं असेल तर ते चाकावर नुसतं घसरत बसतं. शेवटी मेन रोडच्या एका शिलाई सामानाच्या दुकानातून हे सुटं मशीन आणलं.

हलकं, प्लास्टिकचं आहे. रिळासाठी एक दांडी, बॉबीनसाठी दुसरी, आणि मध्ये दोरा दाबून धरणारी चकती. सेलवरही चालतं आणि मोबाईलच्या चार्जरवरही. सेल उतरायला लागले की रडतखडत फिरतं, म्हणून मी चार्जरच लावते. आमच्या सिडको भागात लाईट गेली तरच सेल. आवाज मात्र चांगलाच करतं. घरात कोणी झोपलं असेल तर वापरू नका.

बॉबीन झटपट भरते म्हणून हे घ्यायचं, असं सगळे सांगतात. ती झटपट भरते, खरंय, पण शिलाई मशीनवरही काही फार वेळ लागत नाही. खरा फायदा असा की मशीनवर राणी रंगाचं काम चालू असताना शेजारी डाळिंबी भरून होते. सुईतला दोरा काढायला नको, चाकाला हात लावायला नको. मी आता रात्री दुसऱ्या दिवशीचे ब्लाऊज लावून ठेवते आणि प्रत्येकाची बॉबीन भरून त्याच्याच पिशवीत टाकते. मात्र मॅचिंगचं एकच रीळ आणलेलं असेल आणि बाहीच्या मध्यात बॉबीन संपली, तर ते रीळ मशीनवरून उतरवावंच लागतं. तिथे या यंत्राचा काही उपयोग नाही. त्यामुळे अस्तराच्या ब्लाऊजला दोन बॉबीन आधीच भरून ठेवलेल्या बऱ्या.

आता खोट. त्या चकतीचा दाब कमी आहे. दोरा तिच्यात नीट खोल बसला नाही तर बॉबीन फुगीर आणि पोकळ भरते, आणि मग खालचा दोरा एकसारखा सुटत नाही, टाका बिघडतो. बरेच जण त्यावर डबीचा, म्हणजे बॉबीन ज्यात बसते त्या केसचा, स्क्रू पिळत बसतात. आधी बॉबीन बघा. भरलेल्या दोऱ्यावर नख दाबायचं; दोरा आत दबला तर ती सैल आहे, उलगडून परत भरा. मी भरताना चकतीच्या पुढे दोरा चिमटीत हलकेच धरते, तेवढ्यानं फरक पडतो. चिमूट घट्ट करू नका, पॉलिस्टर दोरा ताणला जातो आणि प्लास्टिकची बॉबीन फुगून डबीत अडकते.

भरल्यावर आपोआप थांबायची सोय आहे, पण जाड दोऱ्याला ती उशिरा थांबते. काठोकाठ भरलेली बॉबीन डबीत फिरत नाही. मी जरा आधीच बंद करते. जरीचा दोरा यावर लावतच नाही, तो हातानंच गुंडाळते. दोऱ्याचे मोठे कोन दांडीवर बसत नाहीत. कोन मागे स्टीलच्या वाटीत उभा ठेवला की दोरा सरळ येतो. यंत्र टेबलावर सरकतं, त्याखाली जुन्या रबरी पायपुसण्याचा तुकडा ठेवलाय.

कारखान्यातलं, जुकी कंपनीच्या मशीनसारखं मोठं शिलाई मशीन असेल तर हे घेऊ नका. त्याला बाजूलाच भरणी असते, शिवता शिवता दुसरी बॉबीन भरत राहते. महिन्याकाठी एखादा परकर शिवणारीलाही याची गरज नाही. रोज रंग बदलणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावं.

दुकानदारानं आधीच विचारलं होतं, "ताई, तुमची बॉबीन आणलीय का?" आणली होती, पर्समध्येच असते. त्यानं ती दांडीवर बसवून, दोरा भरून दाखवला, मगच पैसे घेतले. बॉबीनची मापं वेगवेगळी असतात, एकीच्या मशीनची दुसरीला चालेलच असं नाही. गॅरंटी काही दिली नाही, आणि मोटर बिघडली तर खोलायला स्क्रूसुद्धा दिसत नाहीत.