कास पठारावर जाताना मुक्काम कुठे: स्टँडजवळचा लॉज की यवतेश्वरचं घर?

फुलांच्या हंगामात साताऱ्यात खिशाला परवडणारे हे दोन पर्याय. स्टँडजवळच्या जुन्या लॉजचा फायदा एकच: अपरात्री एसटीतून उतरलात तरी दार उघडतं. बाकी ओल धरलेल्या भिंती, कुबट वास, आदल्या गिऱ्हाइकाची न बदललेली चादर आणि गरम पाणी बादलीभरच. भाडं पूर्ण घेता, मग धुतलेली चादर मागणं जास्त आहे का? फार संताप येतो याचा.

सातारा-कास रस्त्यावर घाट चढल्यावर लागणाऱ्या यवतेश्वरला घरगुती मुक्काम थोडा महाग, रिक्षाही सहज मिळत नाही. पण अंथरूण स्वच्छ, पिठलं-भाकरी ताजी, आणि साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कासचा घाट आधीच चढून झालेला. आईवडील सोबत असतील तर मी हेच निवडेन. लॉज घ्यायचाच झाला, तर आगाऊ पैसे देण्याआधी खोली आणि संडास स्वतः बघा.