मुख्य रस्त्यावरचा पट्टा की गल्ल्यांची साखळी?

छोट्या शहरात पायी आणि सायकलने जाण्यासाठी मार्ग आखायला बसलं की पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, मुख्य रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारा, शाळा, बाजार, बस स्थानक सगळं तिथेच आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, मागच्या गल्ल्या एकमेकींना जोडा आणि मोठा रस्ता फक्त ओलांडण्यापुरता ठेवा. हा निर्णय मला एकदा घ्यावा लागला आहे. त्याआधी दोन्ही तऱ्हेच्या रस्त्यांवर मी रोज सायकल चालवली. मोजमापं काही केलेली नाहीत, अनुभव तेवढा आहे.

पट्ट्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तो सरळ जातो, नवख्या माणसाला शोधावा लागत नाही, आणि तिथे दिवे असतात. रात्री एकटीने परतणाऱ्या बाईला सामसूम गल्लीपेक्षा वर्दळीचा रस्ता बरा वाटतो, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने मार्ग आखू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तरीही माझं मन पट्ट्यावरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे: पट्ट्यात उभी असलेली गाडी. ‘दोनच मिनिटं’ म्हणून लावलेली. मग सायकलस्वाराने वेग कमी करायचा, मागे वळून बघायचं आणि भरधाव वाहनांच्या रांगेत शिरायचं. मान ज्या बाजूला वळते त्याच बाजूला हँडलही नकळत झुकतं. मागच्या सीटवर मूल असेल तर ते झुकणं दंडात जाणवतं. नेमका तेव्हाच मागून हॉर्न वाजतो, मूल दचकून शर्ट ओढतं. कसंबसं पुन्हा पट्ट्यात यावं, तर पुढे दुसरी गाडी. एकाच फेरीत हे पाच-सहा वेळा झालं की सायकल घरी राहते आणि माणूस स्कूटर काढतो.

गाड्या पट्ट्याला लागून शिस्तीत उभ्या असल्या तरी प्रश्न सुटत नाही. अचानक उघडणाऱ्या दारासाठी निदान एक मीटर सोडावं लागतं. दीड मीटरच्या पट्ट्यात मग उरतं काय? अर्धा मीटर. लंडनने 2010 मध्ये निळ्या रंगाचे सायकलमार्ग सुरू केले, त्यात बराचसा भाग नुसत्या रंगाचा होता. पुढे गर्दीच्या रस्त्यांवर त्यांनाही कठड्याने वेगळे केलेले मार्ग बांधावे लागले. तुमच्याकडे रुंदी असेल आणि कठडा घालून पार्किंग हटवण्याची तयारी असेल, तर मुख्य रस्ताच घ्या, मी विरोध करणार नाही. छोट्या शहरात ही तयारी क्वचितच दिसते, म्हणून माझा कल गल्ल्यांकडे.

गल्ल्यांची साखळी मात्र आपोआप होत नाही. नुसत्या पाट्या लावल्या तर गाडीवालेही त्याच वाटेने चौक चुकवायला लागतात. गल्लीच्या एका टोकाला, दीड मीटर अंतर सोडून, खांब रोवले की गाडी अडते आणि सायकल, व्हीलचेअर, बाबागाडी जाते. गल्लीतल्या घरांपर्यंत गाडी दुसऱ्या टोकाने पोहोचतेच, फक्त आरपार जात नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने 1977 मध्ये हेच तत्त्व जुन्या मध्यवस्तीला लावलं. तिचे चार भाग केले. गाडीला एका भागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या रस्त्याने वळसा, सायकलला सरळ वाट. त्याच देशातलं हाउटन हे छोटं शहर तर याच विचाराने आखलेलं आहे.

वळशाची तक्रार येते, ती खरी आहे, पण सगळ्यांना सारखी लागू नाही. गल्लीने 300 मीटर जास्त पडले, तर ताशी 15 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला सव्वा मिनिट लागतं. पायी जाणाऱ्याला साडेतीन मिनिटांहून जास्त, आणि हातात पिशव्या असतील तर तो तो वळसा घेणारच नाही. म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी मी गल्ल्यांचा आग्रह धरत नाही. त्यांना मुख्य रस्त्यावर सलग, न तुटणारा फुटपाथ हवा, आणि जिथे भिंत किंवा कुंपण आडवं येतं तिथे मधून काढलेली पायवाट. अशी एक पायवाट उघडली की शाळेचं अंतर कधीकधी निम्म्यावर येतं.

गल्ल्यांचा खरा कच्चा दुवा म्हणजे त्या मोठ्या रस्त्याला छेदतात ती जागा. बाकी मार्ग कितीही शांत असो, तिथे चार मिनिटं ताटकळावं लागलं तर आई-वडील मुलाला एकट्याने पाठवत नाहीत. तिथे उंचावलेलं क्रॉसिंग आणि रस्त्याच्या मधोमध थांबायला जागा हवी, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघून ओलांडता येतं. ही मधली जागा सायकलच्या लांबीला, म्हणजे दोन मीटरला, पुरली पाहिजे. कमी पडली तर मागचं चाक वाहनांच्या वाटेत राहतं.

निधी थोडाच असेल तर आधी हे ओलांडण्याचे दोन-तीन बिंदू करा, मग खांब, मग गल्ल्यांतले दिवे. रंगाचा डबा सगळ्यात शेवटी.